नेटवर्किंगची सर्टिफिकेशन: कोणती निवडावी आणि कोणत्या क्रमाने

सर्टिफिकेशन निवडताना परीक्षांची यादी आधी उघडू नका. ज्या पदावर जायचं आहे, त्याच्या वीस-पंचवीस जाहिराती काढा आणि प्रत्येकीत कोणत्या कंपनीचे स्विच, राउटर, फायरवॉल मागितले आहेत ते लिहून काढा. ज्या कंपनीचं नाव सर्वांत जास्त वेळा येतं, तिच्याच रांगेत उभं राहायचं. उपकरणं ज्या कंपनीची, प्रमाणपत्रही तिचंच विचारलं जातं.

अनुभव शून्य असेल तर बहुतेकांसाठी पहिली पायरी सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीची प्राथमिक परीक्षा, सीसीएनए हीच. कॉम्पटियाची नेटवर्क प्लस कुठल्याही एका कंपनीला बांधलेली नाही आणि संकल्पना पक्क्या करायला चांगली आहे, पण सबनेटिंग (मोठ्या नेटवर्कचे पत्ते लहान भागांत वाटणं) हाताने जमत असेल तर तिथे थांबण्याची गरज नाही. सीसीएनएला पूर्वअट नाही. एकच पेपर, २००-३०१, वेळ १२० मिनिटं. सर्वाधिक म्हणजे २५ टक्के भार आयपी कनेक्टिव्हिटीवर आहे: राउटिंग टेबल (कोणतं पॅकेट कुठल्या वाटेने पाठवायचं याची राउटरमधली यादी) वाचणं, स्टॅटिक राउट म्हणजे हाताने लिहिलेली वाट, आणि एकाच एरियातलं ओएसपीएफ, म्हणजे राउटरनी आपसात वाटा कळवण्याची एक पद्धत. जुन्या नोट्सपासून मात्र सावध राहा. फेब्रुवारी २०२० मध्ये सिक्युरिटी, वायरलेस वगैरे वेगवेगळ्या सीसीएनए बंद होऊन एकच उरली, त्यामुळे त्याआधीच्या साहित्यात आजचा ऑटोमेशनचा (उपकरणांची कामं प्रोग्रामने करून घेण्याचा) भाग सापडणार नाही.

इथून पुढे बरेच जण चुकतात. सीसीएनए झाली की ज्युनिपर या दुसऱ्या उपकरण कंपनीची प्राथमिक, मग एखाद्या फायरवॉलची प्राथमिक, मग क्लाउडची प्राथमिक, असं गोळा करत जातात. चार प्राथमिक प्रमाणपत्रांत तेच व्हीलॅन (एकाच स्विचवर केलेली वेगळी नेटवर्कं) आणि तेच राउटिंग पुन्हा येतं, आणि मुलाखतीत खोल प्रश्न आला की अडतं. आधी एका कंपनीत प्रोफेशनल पातळी गाठा, दुसरी कंपनी त्यानंतर. सिस्कोच्या प्रोफेशनल पातळीच्या सीसीएनपी एंटरप्राइझसाठी कोअर म्हणजे मुख्य पेपर ३५०-४०१ आणि आवडीचा एक कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे विशेष विषयाचा पेपर लागतो. राउटिंगच्या कामाला ३००-४१० सर्वांत उपयोगी. हाच कोअर पेपर त्यावरच्या तज्ज्ञ पातळीच्या सीसीआयई एंटरप्राइझच्या आठ तासांच्या लॅबसाठीही पात्र ठरवतो.

दुसरी कंपनी शिकायचा खरा फायदा दोन्ही उपकरणं एकमेकांना जोडली की कळतो. सिस्कोच्या आयओएस या कार्यप्रणालीवर इंटरफेसचा एमटीयू (एका वेळी पाठवता येणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) १५०० असतो आणि त्यात इथरनेट हेडर धरलेला नसतो. ज्युनिपरच्या जुनोस या कार्यप्रणालीवर तोच आकडा १५१४, कारण तिथे हेडरचे १४ बाइट मोजलेले असतात. दोन्हीकडे सारखं दिसावं म्हणून कुणी जुनोसवर १५०० टाकलं, की प्रत्यक्ष आयपी एमटीयू १४८६ होतो आणि ओएसपीएफचा शेजारी राउटर एक्सस्टार्टवर, म्हणजे जोडणी पूर्ण होण्याआधीच्या टप्प्यावर, अडकून बसतो. पिंग मात्र चालू असतं. डंप (परीक्षेतले फुटलेले प्रश्न-उत्तरं) पाठ करून पास झालेल्याला हे शोधता येत नाही. शिवाय डंप वापरल्याचं उघडकीस आलं तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. त्यापेक्षा सीसीएनएसाठी पॅकेट ट्रेसर हा सिस्कोचा सराव-सिम्युलेटर घ्या, तो मोफत मिळतो. पुढच्या पातळीला जीएनएस३ किंवा ईव्ही-एनजी ही सरावाची सॉफ्टवेअर लागतील.

क्लाउडकडे जायचं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडची एझेड-७०० किंवा ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडची ॲडव्हान्स्ड नेटवर्किंग. पण त्याआधी बीजीपी शिका, म्हणजे वेगवेगळ्या संस्थांच्या नेटवर्कनी एकमेकांना वाटा कळवण्याची पद्धत. एडब्ल्यूएसचं डायरेक्ट कनेक्ट आणि अझूरचं एक्सप्रेसराउट, या क्लाउडशी थेट खासगी जोडणी देणाऱ्या दोन्ही सेवा बीजीपीवर चालतात, आणि सीसीएनएच्या अभ्यासक्रमात बीजीपी कॉन्फिगर करणं येत नाही.

मुदतीचा हिशेब पहिल्या दिवसापासून ठेवा. सीसीएनए तीन वर्षं चालते. एझेड-७०० एकच वर्ष, पण तिचं नूतनीकरण ऑनलाइन आणि मोफत होतं. सीसीएनएची मुदत संपण्याआधी ३५०-४०१ पास झालात तर सीसीएनए आपोआप पुढे वाढते, वेगळी फी भरावी लागत नाही. मुदत उलटून गेली तर २००-३०१ पुन्हा पहिल्यापासून द्यावा लागतो. म्हणून कोअर पेपरची तारीख तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा. एकदा नापास झालात तरी दुसऱ्या प्रयत्नाला वेळ उरतो.