घरी व्हायोलिन रेकॉर्ड करताय? या चुका टाळा

जळगावात व्हायोलिन शिकवतो आणि दर उन्हाळ्यात तेच सांगतो: रेकॉर्डिंगला बसण्याआधी कूलर बंद करा. सगळे हो म्हणतात आणि पुन्हा घर्रर्र आवाजातली फाइल येते.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात एका विद्यार्थिनीचा मध्यम (म हा सूर) घरच्या फाइलमध्ये रोज चढा यायचा. भीमपलासी राग चालू होता, म्हणजे मध्यमावर थांबणं आलंच. क्लासमध्ये मात्र तोच मध्यम बरोबर. दोन आठवडे मी तिला बोट मागे घ्यायला लावत होतो. शेवटी भुसावळला तिच्या घरी गेलो. खिडकीतला कूलर सुरू झाला आणि कोडं उलगडलं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मोटर १०० हर्ट्झवर घुमते आणि त्याचाच वरचा सूर २०० वर ऐकू येतो. तिचा सा पांढरी दोनचा (पेटीची दुसरी पांढरी पट्टी), म्हणजे शुद्ध मध्यम साधारण १९६. मोबाइलमधला तंबोरा बारीक, कूलर मोठा. कानाने कूलरचा सूर धरला आणि बोट त्याच्यामागे गेलं. कूलर बंद केला, त्याच बैठकीत मध्यम जागेवर आला. पोरीचं बोट पहिल्यापासून चांगलं होतं.

४५ अंशांत कूलर बंद ठेवणं सोपं नाही. म्हणून पहाटे साडेपाचला बसा. दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग पुरतं.

तंबोरा फक्त इअरफोनमध्ये लावू नका. मग रेकॉर्डिंगमध्ये सूर ताडायला काही उरत नाही. तो दुसऱ्या मोबाइलवर, खोलीत वाजू द्या.

मोबाइल फरशीवर ठेवू नका, पायाचा ताल धपधप येतो. चार-पाच फुटांवर, कानाच्या उंचीला स्टुलावर ठेवा. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, समोरच्या भिंतीवर गोधडी टांगा.

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत खुंट्या सैल होतात. रात्री लावलेल्या सुरावर सकाळी भरवसा ठेवू नका.

ट्यूनर ॲपचा हिरवा दिवा बघून वाजवणं मला अजिबात पटत नाही. ॲपचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). आणि मींडेत, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना, कुठला दिवा लागणार? व्हायोलिनवादक डी. के. दातारांचं गायकी अंगाचं, म्हणजे गाण्यासारखं, वादन ऐका, दोन सुरांच्या मधली जागा कानाला कळू लागते.

आता घाईबद्दल. सतरा वेळा वाजवून अठरावा टेक पाठवणारे बरेच असतात. त्या सतरांत खरी दुखणी होती, ती पुसून टाकली. महिन्याभरात रील टाकायचं म्हणून शिकायला येणाऱ्यांना मी हे पहिल्याच दिवशी सांगतो. माझी स्वतःची सवय अशी: एकच टेक, चुकलं तरी थांबायचं नाही, आणि लगेच ऐकायचं नाही. वाजवून उठल्या उठल्या हातातली मेहनतच ऐकू येते, सूर नाही. दुसऱ्या दिवशी वही घेऊन तीनदा ऐकतो: एकदा फक्त सूर, एकदा फक्त गज (बो), एकदा फक्त लय. गजाच्या वेळी एवढंच बघतो, की दिशा बदलताना आवाज तुटतो का. तुटला की मिनिट-सेकंद लिहायचे आणि त्या दिवशीचा रियाज तिथूनच सुरू करायचा.

तासभराचं रेकॉर्डिंग करून कधीच न ऐकणारेही आहेत. त्यांनी मोबाइलची जागा वाचवावी.

गुरूंना फाइल पाठवताना व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज नको, तो बोलण्यासाठी असतो. रेकॉर्डरमध्ये केलेली फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडा.