प्रवरेच्या दरडीत हातकुऱ्हाड कशी ओळखायची

नेवाशाला आलेली माणसं पैस खांबाचं दर्शन घेऊन परत फिरतात. पण इथल्या प्रवरेच्या दरडीत अश्मयुगातल्या माणसानं दगडाच्या घडवलेल्या हातकुऱ्हाडी सापडतात. त्या बघायला तुम्ही एप्रिल-मेमध्ये या, प्रवरेचं पाणी उतरलेलं असताना, आणि सकाळी आठच्या आत दरडीपाशी पोचा. तिरप्या उन्हात दगडावरचे घाव उठून दिसतात. दुपारी सगळा काळा दगड सारखाच वाटतो.

आधी दरड खालून वर बघा. तळाशी चुन्यानं सांधल्यासारखा घट्ट गोट्यांचा थर, वर गाळ, मग पुन्हा बारीक गोटे. पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलियांनी १९५४ पासून इथं केलेल्या कामातून हा क्रम उलगडला. खालच्या थरात काळ्या दगडाच्या जड हातकुऱ्हाडी, वरच्यात चर्ट, जास्पर अशा बारीक पोताच्या कठीण दगडांच्या लहान तासण्या, म्हणजे तासायची हत्यारं.

नदीत घरंगळलेला गोटा सगळीकडून गुळगुळीत असतो. आपटून फुटला तरी एखाद-दुसराच टवका उडतो. माणसानं घडवलेल्या दगडाचे टवके कडेकडून आत, एकापुढे एक, दोन्ही अंगांनी काढलेले असतात आणि ते घाव एका धारेवर येऊन मिळतात. पुढे निमुळती ती हातकुऱ्हाड. टोकाऐवजी आडवी सरळ धार असेल तर त्या हत्याराला फरशी म्हणतात. सुटा टवका पोट, म्हणजे मूळ दगडापासून सुटलेली बाजू, वर करून पडला असेल तर बोट फिरवा, घाव बसला तिथं फुगवटा लागतो. जेसीबीच्या दातानंही टवके उडतात, पण तो घाव ताजा, करडा-काळा असतो. जुन्या घावावर तपकिरी साय धरलेली असते.

आणि उचलू नका. नववीत असताना मी एक सुरेख हातकुऱ्हाड दप्तरातून घरी आणली. कित्येक वर्षं ती दाराला टेकण म्हणून होती. पुढे एका अभ्यासकांना दाखवली, तर त्यांचा पहिलाच प्रश्न, ‘कोणत्या थरात होती?’ मला सांगता आलं नाही. तोवर ती दरडही पुरात ढासळली होती. ते अजून मनाला लागून आहे.

शेजारी पेन ठेवून जवळून एक फोटो घ्या, मग दरडीसकट लांबून दुसरा. मोबाईलवर जागेची खूण करा, थर वरून किती हात खाली आहे ते लिहा आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. थरात रुतलेला दगड टोकरू नका.

शाळेची मुलं नेते तेव्हा मी त्यांना हात पाठीमागे बांधायला लावते. दुसऱ्या फेरीला दोघं-तिघं तरी उभ्याउभ्याच धार ओळखतात.