माळा नंतर, आधी कागद

पुण्यातला, कोथरूडचा मोठा फ्लॅट विकून लहान घरात जायचं ठरलं की सगळे आधी माळ्यावर चढतात. चढू नका. आधी लोखंडी कपाटातली ती नायलॉनची पिशवी काढा. मूळ खरेदीखत, इंडेक्स टू (म्हणजे नोंदणी कार्यालयातला खरेदीच्या नोंदीचा उतारा), महापालिकेच्या मिळकतकराची पावती आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. आमचं सर्टिफिकेट निघालं आजोबांच्याच नावावर! नाव बदलायला अर्ज, वारसांची संमतीपत्रं, कमिटीची मीटिंग. गिऱ्हाईक दारात उभं असताना हे करणं म्हणजे लग्नाच्या दिवशी आचारी शोधणं. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार 1 टक्का टीडीएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा होणारा आगाऊ कर, कापतो, म्हणून पॅनवरचं आणि खरेदीखतातलं नाव जुळतंय ना, तेही बघा.

मग खुशाल माळा. तांब्याचा बंब, पितळी घंगाळं भंगारवाल्याला किलोवर देण्याआधी कसब्यातल्या तांबट आळीत, तांब्या-पितळेच्या कारागिरांना दाखवून या. फुटकळ लोखंडी वस्तूंसाठी जुना बाजार आहेच, रविवारी आणि बुधवारी. आईचा पाटा-वरवंटा मात्र तिला विचारल्याशिवाय हलवू नका. आम्ही हलवला होता.