मानसिक संकटात कुणाच्या घरी धावून जाताना या चुका टाळा

यवतमाळकडच्या दहा-बारा गावांत आम्ही नऊ वर्षं हे काम करतोय. फोन आला की घरी जायचं. कुणी स्वतःला कोंडून घेतलेलं असतं, कुणी चार रात्री झोपलेलं नसतं, कुणी 'आता जगायचंच नाही' म्हणत असतं. पथकात आशाताई आहेत, बचत गटातल्या बाया आहेत आणि स्वतः अशा रात्री काढून बाहेर आलेली तीन माणसं आहेत. दर वर्षी नवी पोरं येतात, दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतात आणि त्याच त्या चुका करतात. म्हणून हे लिहून ठेवतेय.

फौज घेऊन जाऊ नका

ही चूक मी स्वतः केलेली आहे. दुसऱ्याच वर्षी, फवारणीच्या दिवसांत, रात्री साडेनऊला एका आईचा फोन आला. तिशीतला मुलगा ढोरांच्या कोठ्यात आतून कडी लावून बसला होता. आम्ही आठ जण एका जीपमध्ये कोंबून निघालो. वाटेत पोलीस पाटलांना घेतलं. पोचलो तेव्हा अंगणात निम्मं गाव होतं. कुणी फटीतून बॅटरी मारत होतं, कुणी दार बडवत होतं, एक पोरगा मोबाईलवर व्हिडिओ काढत होता. आणि आम्ही जाऊन त्या गर्दीत भरच घातली.

तो मागच्या बाजूचा कुड फोडून शेतात पळाला. पाऊस झालेला, काळ्या मातीत पाय गुडघ्यापर्यंत रुतत होते. पहाटे चारला धुऱ्यावरच्या बाभळीखाली सापडला. सुखरूप, पण थंडीनं काकडलेला. मी शेजारी बसले तर म्हणाला, "एवढे लोक कायले आणले ताई? मी का चोर हाव?" तेवढे तास आम्ही त्याला द्यायला हवे होते. त्याऐवजी आम्ही त्याला हुसकलं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. दोघंच जायचं, त्यातली एक बाई. मोटारसायकल पारापाशी उभी करून पुढं पायी. गर्दी हटवायचं काम गावातल्याच कुणा मानाच्या माणसाला द्यायचं, आपण ओरडायचं नाही. मग दाराबाहेर जमिनीवर बसायचं, नाव सांगायचं आणि प्यायला पाणी मागायचं. पाणी मी मुद्दाम मागते. घाबरलेल्या घराला एक काम मिळतं, आणि कितीदा तरी आतला माणूसच तांब्या घेऊन बाहेर येतो. अर्धा तास काहीच घडलं नाही तरी बसून राहायचं. ज्यांना दहा मिनिटांत निकाल हवा असतो, त्यांना मी पथकात ठेवत नाही.

पोलीस लागलेच तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं कलम 100 पाठ असू द्या. अशा माणसाला कोठडीत ठेवता येत नाही; ताब्यात घेतल्यापासून 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावंच लागतं.

आडून विचारू नका

"मनात काही वाईट-साईट तर नाही ना?" असं विचारलं की उत्तर "नाही" हेच येणार. विचारणाऱ्यालाही तेच हवं असतं, हे समोरच्याला बरोबर कळतं. मी सरळ विचारते, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. पुढचा प्रश्न, "घरात काही आणून ठेवलंय का?" एका मामांनी यावर काहीच उत्तर दिलं नाही. उठले, तुराट्यांच्या ढिगामागून फवारणीच्या औषधाचा डबा काढला आणि माझ्यासमोर आणून ठेवला.

तो डबा त्याच घरात माळ्यावर लपवू नका. घरच्यांशी आणि त्या माणसाशी बोलून दुसऱ्याच्या घरी, कुलपात ठेवा. फवारणी असेल तेव्हा लागेल तेवढंच आणायचं.

कुणी औषध घेतलंच असेल तर मिठाचं पाणी पाजून ओकायला लावू नका, ते फुप्फुसात जातं. लगेच 108 ला फोन करा आणि डबा लेबलासकट दवाखान्यात न्या. तिथं "चुकून पोटात गेलं" असं खोटं सांगू नका. त्याच 2017 च्या कायद्याच्या कलम 115 प्रमाणे असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच मानलं जातं, त्याला शिक्षेची भीती नाही. दवाखान्यात एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसची नोंद) होते, म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नव्हे.

प्रत्येक बडबड म्हणजे वेड नव्हे

मे महिन्यात शेतातून आलेला माणूस असंबद्ध बोलतोय, अंग तापलंय, तर तो उष्माघात असू शकतो. रोज पिणाऱ्यानं दारू एकदम सोडली आणि दोन-तीन दिवसांनी हात थरथरतायत, भिंतीवर किडे दिसतायत, तर समजावत बसू नका. त्यात जीव जातो. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याची साखर उतरली तरी तो वेड्यासारखा वागतो. आधी दवाखाना.

बांधून ठेवू नका. साखळी तर कायद्यानंच बंद आहे. 2001 साली तामिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेली 28 माणसं पळू शकली नाहीत.

"लेकरांकडं बघ" म्हणू नका. तो त्यांच्याकडं बघूनच खचलेला असतो.

"कुणाला सांगणार नाही" असा शब्द देऊ नका. जीव धोक्यात असेल तर सांगावं लागतं, ते आधीच बोला.

फोटो काढू नका. ग्रुपवर तर नाहीच.

पोचवून मोकळे होऊ नका

सगळ्यात जास्त राग मला याचा येतो. रात्री सगळे धावतात, आठवड्यानं कुणी फिरकत नाही. दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे फार जोखमीचे असतात. एकदा एका पोरीला दवाखान्यातून सुट्टी मिळाली, आमच्यातल्या प्रत्येकाला वाटलं दुसरा कुणी जाऊन आला असेल. अकराव्या दिवशी तिच्या वडिलांचा पुन्हा फोन आला. ती वाचली, पण तो फोन यायलाच नको होता.

आता माझ्या वहीत प्रत्येक घरापुढं पाच आकडे असतात: 1, 3, 7, 15, 30. त्या त्या दिवशी कोण जाणार त्याचं नाव रात्रीच, मोटारसायकल सुरू करायच्या आधी लिहायचं. घरच्यांना टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 हा नंबर लिहून द्यायचा. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. पण नंबर दिला म्हणून आपली खेप चुकवायची नाही. कुणी दार उघडलं नाही तर ओट्यावर थोडं बसायचं, "परवा येते" म्हणून सांगायचं, आणि परवा जायचं.