घर क्रमांकावर विसंबू नका: जुन्या मँचेस्टरमध्ये पूर्वजांचे घर आणि दुकान शोधताना

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांत आता इंग्रज सुना आणि जावई आहेत. मुलांना एका बाजूचे गाव, वाडा आणि कुलदैवत सांगता येते, तसे दुसऱ्या बाजूचेही काही सांगता यावे, असे आईवडिलांना वाटणे स्वाभाविक आहे. त्या बाजूचे मूळ मँचेस्टरमध्ये असेल, तर शोध बराच पुढे नेता येतो. मात्र आपल्याकडच्या सात-बाऱ्यासारखा एकच उतारा तेथे हाती लागत नाही. गिरणी कामगार आणि छोटे दुकानदार बहुतेक भाडेकरू असल्यामुळे मालकीच्या दस्तांत त्यांची नावे क्वचितच येतात. चार-पाच प्रकारचे कागद शेजारी-शेजारी ठेवूनच घराची जागा निश्चित करावी लागते, आणि ते करताना घर क्रमांकापेक्षा शेजाऱ्यांच्या नावांवर अधिक भरवसा ठेवावा.

सुरुवात जन्म, विवाह आणि मृत्यूच्या दाखल्यांपासून करावी. इंग्लंडमध्ये सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली. जन्माच्या आणि मृत्यूच्या दाखल्यांवर बहुधा रस्त्याचे नाव मिळते. विवाहाच्या दाखल्यावर मात्र पुष्कळदा नुसते ‘मँचेस्टर’ एवढेच लिहिलेले असते.

त्यानंतर जनगणनेकडे वळावे. १८४१ च्या नोंदींत नावे आहेत. परंतु पंधरा वर्षांवरील व्यक्तींची वये सामान्यतः पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत आणि नाती दिलेली नाहीत. १८५१ पासून नाते आणि जन्माचा पॅरिश (चर्चच्या कारभारातील स्थानिक विभाग), दोन्ही कळतात. मँचेस्टर परिसराच्या १८५१ च्या काही वह्या पाण्याने खराब झाल्या होत्या. तेथील कुटुंबेतिहास संस्थेच्या स्वयंसेवकांनी त्या चिकाटीने वाचून काढल्या, म्हणून नेहमीच्या शोधात नाव न आल्यास ती वेगळी सूची अवश्य पाहावी. वाचताना एक गोष्ट कटाक्षाने सांभाळावी: पहिल्या रकान्यातील आकडा हा घर क्रमांक नसून गणकाने वाटलेल्या फॉर्मचा अनुक्रमांक असतो. वहीच्या आरंभी गणक कोणत्या रस्त्यांनी फिरला, याचे वर्णन असते. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण आपले घर रस्त्याच्या कोणत्या टोकाला होते, हे पुष्कळदा तेथूनच उमगते.

आता व्यापारी डिरेक्टरी, म्हणजे शहरातील दुकानदार आणि व्यावसायिकांच्या नावा-पत्त्यांचे छापील पुस्तक, घ्यावी. मँचेस्टरची पहिली डिरेक्टरी एलिझाबेथ रॅफल्ड या दुकानदार बाईंनी १७७२ मध्ये काढली. एकोणिसाव्या शतकात पिगट आणि स्लेटर या प्रकाशकांच्या डिरेक्टऱ्या प्रमुख होत्या. लेस्टर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अशा अनेक डिरेक्टऱ्या विनामूल्य वाचता येतात. नावांच्या यादीत दुकानाच्या पत्त्यानंतर इंग्रजी ‘एच’ हे अक्षर आले, तर पुढचा पत्ता राहत्या घराचा समजावा. ज्यात रस्त्यावार नोंदी आहेत, तो विभाग सर्वांत मोलाचा आहे. तेथे एका बाजूची नावे ओळीने येतात आणि आडवा रस्ता आला की त्याचे नाव मध्येच छापलेले असते. समजा, मँचेस्टरच्या अँकोट्स या वस्तीतल्या एखाद्या रस्त्यावर आपला किराणा दुकानदार कोपऱ्यावरच्या दारूच्या गुत्त्यापासून तिसरा आहे आणि त्याच्यापुढे एक चांभार, मग आडवा रस्ता आहे. हीच माणसे जनगणनेत याच क्रमाने आली, तर क्रमांक जुळो वा न जुळो, घर हेच. अंगणाभोवतीच्या आतल्या खोल्यांतले आणि तळघरांतले रहिवासी मात्र डिरेक्टरीत सहसा येत नाहीत, म्हणून तेथे नाव नाही याचा अर्थ माणूस तेथे नव्हता, असा घेऊ नये.

क्रमांक बदलण्याला कारणे आहेत. जुन्या पद्धतीत आकडे रस्त्याच्या एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने परत येत. पुढे सम-विषम पद्धत आली. शिवाय १८३८ मध्ये नगरपालिका स्थापन झाली, तेव्हा ह्यूम, आर्डविक, चॉर्लटन-ऑन-मेडलॉक यांसारख्या वस्त्या एका कारभाराखाली आल्या, आणि एकाच नावाचे अनेक रस्ते झाल्यामुळे त्यांतील कित्येकांची नावे कालांतराने बदलावी लागली.

जागा नकाशावर बसवण्यासाठी ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा एका मैलाला पाच फूट या प्रमाणाचा नकाशा वापरावा. त्याची मोजणी १८४० च्या दशकात झाली असून, त्यात गुत्ते आणि प्रार्थनास्थळे नावानिशी दाखवली आहेत आणि घरांमागची अंगणेही सुटी दिसतात. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर तो विनामूल्य पाहता येतो. डिरेक्टरीतला गुत्ता नकाशावर सापडला की तेथून घरे मोजत जावे. पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांत मात्र पुढचे दार एका रस्त्यावर आणि मागच्या कुटुंबाचे दार अंगणात असे, त्यामुळे एका इमारतीचे दोन पत्ते होतात, हे मोजताना विसरू नये.

माझ्या मते सर्वाधिक उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे घरपट्टीच्या वह्या. जनगणना दहा वर्षांनी एकदा होते. तेवढ्या अवधीत आठवड्याच्या भाड्याने राहणारे कुटुंब कितीतरी वेळा घर बदलू शकते. घरपट्टी मात्र वरचेवर आकारली जाई. मँचेस्टरच्या १७०६ ते १९०० या काळातील वह्या फाइंडमायपास्ट या सशुल्क संकेतस्थळावर आहेत. त्यांत भाडेकरूचे नाव, मालकाचे नाव, अंदाजे भाडे आणि ‘घर व दुकान’ किंवा ‘तळघर’ असे मिळकतीचे वर्णन मिळते. कुटुंब कोणत्या वर्षी आले आणि कोणत्या वर्षी गेले, हे दोन्ही बाजूंनी तपासता येते, आणि भाड्याच्या आकड्यावरून दुकानाची ऐपतही कळते. नवऱ्याच्या नावावर चाललेले दुकान प्रत्यक्षात बायकोच सांभाळत असे, अशी घरे पुष्कळ होती. तिचे नाव बहुधा तो वारल्यानंतरच या वह्यांत उमटते, म्हणून विधवेच्या नावाची पुढची वर्षे जरूर पाहावीत. १८३० च्या कायद्यानंतर परवाना घेऊन राहत्या घराच्या पुढच्या खोलीतही बीअर विकता येऊ लागली, त्यामुळे जनगणनेत विणकर म्हणून नोंदलेला माणूस डिरेक्टरीत बीअरविक्रेता म्हणून आढळला, तर त्याला लगेच दुसरा माणूस ठरवू नये.

शेवटी जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून पाहावा. डिसेंबर १९४० ची बाँबफेक आणि त्यानंतरची वस्त्यांची पाडापाडी यांमुळे कित्येक रस्तेच उरलेले नाहीत. तरीही मँचेस्टरच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या छायाचित्र संग्रहात पाडण्यापूर्वी टिपलेली अनेक घरे आणि दुकाने आहेत. तेथे आपल्या रस्त्याच्या नावाने काही मिळाले नाही, तर त्याला छेदणाऱ्या रस्त्यांची नावे आणि कोपऱ्यावरच्या गुत्त्याचे नाव घालून शोधावे.