मटण शिजवताना शिट्ट्या मोजू नका

शिट्ट्या मोजून मटण शिजवलं की अंदाज हमखास चुकतो, कारण प्रत्येक कुकर वेगळा. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि घड्याळ बघा. कोवळ्या बोकडाला १५ मिनिटं पुरतात, जूनला २५. म्हशीच्या मांसाला ३० ते ३५ धरा. वाफ आपोआप जिरू द्या.

पातेल्यात शिजवायचं तर हळद, मीठ, आलं-लसूण लावून मटण तेलावर परता आणि वर पाणी भरलेलं ताट झाका. तेच गरम झालेलं पाणी लागेल तसं आत ओता. गार पाणी ओतलं की उकळी मोडते, वेळ वाढतो. तासभर ते सव्वा तास लागतो, घाई करूच नका. मांडी-खांद्यातल्या चिवट पडद्यांचं मऊ जिलेटिन व्हायला तेवढा वेळ लागतोच. टोमॅटो, दही शेवटी घाला.

बोटांनी दाबल्यावर फोड तुटली आणि मांस नळीवरून सुटायला लागलं, की झालं.

चिकन मात्र झाकण ठेवून २०-२५ मिनिटांतच होतं. हाडाजवळ गुलाबी रस दिसला तर अजून पाच मिनिटं ठेवा.