घडीच्या कॅम्परच्या छताची गळती कशी थांबवावी

मुंबईत पाऊस सुरू होण्याआधी, मे महिन्याच्या कोरड्या दिवसांतच, घडीच्या कॅम्परचे (छत उघडून-मिटता येणाऱ्या, राहण्याची सोय असलेल्या प्रवासी गाडीचे) छत तपासावे. एकाने आत टॉर्च घेऊन बसावे आणि दुसऱ्याने पाइपने खालून वर, प्रत्येक सांध्यापाशी थांबत पाणी सोडावे. वरून सुरुवात केल्यास ओघळ सगळीकडे पसरतो आणि पाणी नेमके कुठून शिरते ते कळत नाही. छत व भिंतीमधील रबरी पट्टी चपटी झाली वा भेगाळली असल्यास ती बदलावी. सांध्यांतील जुने सिलिकॉन (फटी बुजवणारा रबरासारखा लेप) मात्र पूर्ण खरवडून काढावे, कारण त्यावर नवे सिलिकॉन नीट धरत नाही. घाईने जुन्या सिलिकॉनवरच नवा लेप देणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, सुकल्यावर नवे सीलंट (फटी बुजवणारा लेप) भरावे आणि किमान २४ तास छत मिटू नये.